अजून आहे का?

नवी एकतीस हजार. कोल्हापुरात दुकानदारानं
काचेतून बाहेर काढलीसुद्धा नाही,
माझ्या हाताचं ग्रीस बघून नुसता भाव सांगितला.
उद्यमबागेत लेथवर उभं राहून मला महिन्याला अठरा,
तेही ओव्हरटाइम धरून.

मग दुसऱ्या पाळीच्या चहात, फोनवर, ती दिसली:
मोरांच्या चादरीवर पाच तुकड्यांत आडवी,
शेजारी मापाला काडेपेटी.
क्लॅरिनेट. गोकाक. साडेसहा हजार. कंडिशन चांगली.

आमच्या मोनाप्पानं असाच गिटार मागवलेला,
खोक्यात निघाली दोन कौलं,
खानापूरचीच, जाऊन परत आलेली.
"पैसे पुढं धाडू नको गा," तो म्हणाला,
"काय करूलालास ते बघून कर."

मी मराठीत लिहायचो,
तिकडून कन्नडात बोललेलं यायचं, मागं कोंबड्या.
कडिमी माड्री, मी म्हणालो.
आगंगिल्ल, तो म्हणाला.
एवढ्यापुरत्या दोघांनाही दोन्ही भाषा येत होत्या.

रविवारी अंकलगीच्या वाटेनं बस.
अडिवेप्पा दारातच उभा.
बँडचा लाल कोट घडी घालून मिक्सरखाली,
आवाज कमी व्हावा म्हणून.

मी तुकडे तपासले, जॉब तपासावा तसे.
जोडाला कॉर्क नाही, दोरा गुंडाळलेला, वर मेण.
एका चावीला स्प्रिंगऐवजी रबर,
एक स्क्रू सायकलच्या स्पोकचा,
पण काय सफाईनं घासलेला.
"वाजवून दाखवा," मी म्हणालो.

तो हसला, आणि मला विकण्याचं कारण दिसलं.
हल्ल इल्लरी.
कवळी आहे, पण फुंकलं की सुटते.
लाडू चालतो, सा चालत नाही.

मला तरी कुठं येत होतं?
लहानपणी वराती जायच्या, मी डोक्यावर बत्ती घेऊन
क्लॅरिनेटवाल्याच्या शेजारून चालायचो,
रात्रीचे सात रुपये आणि बुंदी.
त्याची बोटं उजेडात राहतील असा पाय टाकायचो.
तो हा नव्हे. मी विचारून घेतलं.

शेवटी त्यानं मला खाटेवर बसवलं,
मागून दोन्ही हात घातले, बोटं भोकांवर ठेवली.
फुंक माझी, बोटं त्याची.
पहिल्यांदा जे निघालं त्यानं शेळी दावं तोडून गेली.
दुसऱ्यांदा नुसती हवा.
तिसऱ्यांदा चार सूर, ओळीनं, उभे.
पाचव्याला त्यानं हात काढून घेतले
आणि पैसे मोजायला बसला.

शंभरचीही सूट नाही.
वर दिली तंबाखूची डबी, आत तीन रीड,
एक चिरलेली, तीही त्यानंच सांगितली.

घरी म्हणालो, साडेचोवीस हजार वाचले.
बायको म्हणाली, कुठं आहेत?

जेवणाच्या सुट्टीत लेथवर स्क्रू करून बसवला.
स्पोकचा तुकडा टाकवला नाही,
डबीत ठेवला.
सूर अजून चारच येतात. शेजारी खिडकी लावतात,
हळू लावतात, तेवढं बरं.

अडिवेप्पाला जाहिरात काढता येत नाही.
ती अजून तिथंच आहे, मोरांवर, काडेपेटीशेजारी,
साडेसहा हजार,
आणि मी ती रोज रात्री बघतो,
खरी उशाशी असताना.

परवा दाबलंच ते बटण,
आपोआप जाणारा प्रश्न: अजून आहे का?

बराच वेळ काही नाही.
मग कोंबड्या.
मग तो, कवळी काढून ठेवलेल्या आवाजात:
ऐती, ऐती.
निम्म हत्रन ऐतल्री.